विसुद्धिमग्गाची हार्वर्ड आवृत्ती आणि धर्मानंद कोसंबी

पाली वाङ्मयाशी ज्यांचा थोडाबहुत परिचय आहे त्यांना आचार्य बुद्धघोषांचे व त्यांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाचे नाव नवे नाही. इसवी सनाच्या पाचव्या शतकात सिंहलद्वीपातील अनुराधपूरच्या महाविहारात हा ग्रंथ सिद्ध झाला. त्याचे तेवीस निद्देस असून पहिले दोन शीलावर, पुढील अकरा समाधीवर व अखेरचे दहा प्रज्ञेवर आहेत. तेरा धुतांगे, चाळीस कर्मस्थाने, स्कंध, आयतने, धातू, प्रतीत्यसमुत्पाद इत्यादी विषयांची इतकी व्यवस्थित मांडणी दुसऱ्या एकाच पाली ग्रंथात सापडणे कठीण. परंतु हा ग्रंथ आज ज्या शुद्ध व क्रमांकित स्वरूपात अभ्यासकांच्या हाती येतो ते स्वरूप त्यास कसे प्राप्त झाले, त्यासाठी कोणी आयुष्याची किती वर्षे वेचली आणि त्या श्रमांची नोंद कोणत्या शब्दांत झाली, ही हकीकत आपल्या वाचकांपुढे क्वचितच येते. अमेरिकेतील एका विद्यापीठात घडलेली ही हकीकत असून तिचा नायक गोमंतकातील एक पदवीहीन मनुष्य आहे. ती येथे काहीशा विस्ताराने सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम महावंसाच्या उत्तरभागात आलेली एक आख्यायिका ध्यानी घेऊ. सिंहली अट्ठकथांचे पालीत रूपांतर करण्याची अनुज्ञा बुद्धघोषांनी मागितली तेव्हा महाविहारातील स्थविरांनी त्यांच्या योग्यतेची परीक्षा म्हणून त्यांना दोन गाथा दिल्या. त्या गाथांवर त्यांनी विसुद्धिमग्ग रचला. देवतांनी तो ग्रंथ दडवून ठेवला, म्हणून त्यांनी दुसऱ्यांदा लिहिला. तोही दडवला गेला, म्हणून तिसऱ्यांदा लिहिला. मग देवतांनी पहिल्या दोन्ही प्रती आणून दिल्या. भिक्खूंनी तिन्ही प्रती एकत्र वाचल्या आणि त्यांत एका अक्षराचाही फरक आढळला नाही. देवतांचा भाग आपण बाजूस ठेवू. ही कथा ज्यांनी रचली त्यांना ग्रंथाच्या नकलांत काय घडते हे उत्तम ठाऊक होते, एवढे मात्र तीवरून दिसते. तीन प्रती अक्षरशः सारख्या निघणे हा त्यांच्या दृष्टीने चमत्कारच होता.

कारण प्रत्यक्षात तसे कधी घडत नाही. पंधराशे वर्षे हा ग्रंथ ताडपत्रांवर उतरवला गेला. ताडपत्र दमट हवेत फार टिकत नाही. ते जीर्ण होण्यापूर्वी नवी नक्कल करावी लागते आणि प्रत्येक नकलेबरोबर काही अक्षरे बदलतात. एकच उदाहरण देतो. सिंहली लिपीतील ‘च’ आणि ‘व’ ही अक्षरे दिसण्यात अगदी जवळची आहेत. आता पालीत ‘च’ म्हणजे ‘आणि’, व ‘व’ म्हणजे ‘एव’, अर्थात ‘च’ नव्हे तर ‘हेच’ अशी मर्यादा घालणारे अव्यय. लेखकाची लेखणी किंचित घसरली तर जेथे दोन गोष्टींचा समुच्चय सांगितला आहे तेथे एकीचेच ग्रहण होते, आणि वाक्य व्याकरणदृष्ट्या दोन्ही प्रकारे निर्दोष राहते! अशा ठिकाणी व्याकरणाचे ज्ञान उपयोगी पडत नाही. विषयाचे ज्ञान लागते. ब्रह्मदेशातील पोथ्यांची अडचण निराळी. तेथील भिक्खू व्याकरणात प्रवीण असल्यामुळे एखादे जुने, खडबडीत रूप दिसले की ते नियमात बसवून नीट करण्याकडे त्यांचा कल असे. पोथी सुबक होई, पण आचार्यांचा मूळ शब्द नाहीसा होई.

हस्तलिखिते एकमेकांशी ताडून, प्रत्येक पाठभेदाचा निर्णय करून, न स्वीकारलेले पाठ तळटीपेत नोंदवून जी आवृत्ती तयार होते तिला चिकित्सक आवृत्ती म्हणतात. अट्ठकथेच्या बाबतीत आणखी एक काम असते. बुद्धघोष पावलोपावली निकायांतील वचने उद्धृत करतात, पण ती कोठली हे पुष्कळदा सांगत नाहीत. ते प्रत्येक वचन त्रिपिटकात हुडकून काढावे लागते. ज्याला निकाय जवळजवळ मुखोद्गत आहेत त्याला हे काम महिन्यांचे, इतरांना वर्षांचे.

विसुद्धिमग्गाच्या बाबतीत या कामाचा आरंभ हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन विद्वानाने केला. त्यांचा जन्म १८५४ चा. लहानपणी झालेल्या अपघातात त्यांच्या पाठीच्या कण्यास इजा झाली व ती आयुष्यभर राहिली. पुढे बसून काम करणे अशक्य झाले तेव्हा ते उभ्याने काम करीत. हार्वर्डचे संस्कृताचे प्राध्यापक चार्ल्स रॉकवेल लॅनमन यांच्यासमवेत त्यांनी १८९१ मध्ये ‘हार्वर्ड ओरिएंटल सीरीज’ ही ग्रंथमाला सुरू केली आणि तिच्यासाठी आपले द्रव्य दिले. पाली ग्रंथांतील वेच्यांच्या इंग्रजी भाषांतराचा त्यांचा संग्रह १८९६ साली या मालेतील तिसरा ग्रंथ म्हणून प्रसिद्ध झाला. त्यात विसुद्धिमग्गातील उतारे पुष्कळ आहेत. दोन ब्रह्मी व दोन सिंहली अशा चार ताडपत्री पोथ्यांच्या आधारे ते विसुद्धिमग्गाचा पाठ रोमन लिपीत सिद्ध करीत होते. हे काम पुरे होण्यापूर्वीच, १८९९ च्या जानेवारीत, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. मृत्युपत्राने त्यांनी ग्रंथमालेसाठी निधी व आपले राहते घर विद्यापीठास दिले. असा हा मनुष्य होता. पुढील वाद वाचताना वॉरन यांच्याविषयीचा आदर कोणी सोडू नये म्हणून हे येथे मुद्दाम सांगितले.

ज्या वर्षी वॉरन वारले त्याच वर्षी गोव्यातील साखवाळ गावचा तेवीस वर्षांचा एक तरुण संस्कृत शिकण्यासाठी घर सोडून पुण्यास निघाला. ‘बालबोध’ मासिकात आलेल्या बुद्धचरित्राने त्याच्या मनात बुद्धाविषयी जिज्ञासा उत्पन्न केली होती. इंग्रजी शिक्षण नाही, पैसा नाही, घरी पत्नी व लहान मूल. या परिस्थितीत निघालेल्या धर्मानंद दामोदर कोसंबींचा पुढील प्रवास पुणे, काशी, नेपाळ असा होत १९०२ साली श्रीलंकेत पोहोचला. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली ते पाली शिकले, चीवर घेतले, नंतर ब्रह्मदेशात राहिले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सिंहली आणि ब्रह्मी या दोन्ही लिपींतील ग्रंथ, ते ज्यांच्या नित्य पठणात होते त्या भिक्खूंच्या सहवासात राहून त्यांनी अभ्यासले. युरोप-अमेरिकेतील फार थोड्या विद्वानांना तोपर्यंत अशी संधी मिळाली होती. वॉरन यांनी पोथ्यांतून जे जाणले ते धर्मानंदांनी पोथ्यांतून आणि गुरुमुखातून जाणले होते.

१९०६ नंतर ते कलकत्त्यास पालीचे अध्यापन करू लागले. परंतु आपली विद्या महाराष्ट्राच्या उपयोगी पडावी ही त्यांची तळमळ. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करावे या अटीवर दरमहा ५० रुपये देऊ केले, तेव्हा कलकत्त्याचे अधिक वेतन सोडून ते इकडे आले. बडोद्यात त्यांनी जी जाहीर व्याख्याने दिली ती ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या नावाने १९१० साली पुस्तकरूपाने निघाली. सामान्य मराठी श्रोत्यापुढे बौद्ध धर्म मूळ पाली आधारांवरून मांडणारी इतक्या जुन्या काळची व्याख्याने फार थोडी आहेत. आजही ते छोटे पुस्तक वाचून पाहावे.

याच सुमारास हार्वर्डचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जेम्स हॉटन वुड्स हे हिंदुस्थानात आले होते. मुंबईत प्रार्थनासमाजाच्या डॉ. सुखटणकरांमार्फत त्यांची व धर्मानंदांची गाठ पडली. वॉरन यांचे अपुरे राहिलेले काम पुरे करण्यास योग्य मनुष्य हाच, असे वुड्स यांना वाटले आणि त्यांच्या खटपटीने हार्वर्डचे निमंत्रण आले. १९१० साली धर्मानंद अमेरिकेस गेले.

तेथे सुमारे दोन वर्षे त्यांनी वॉरन यांच्या पाठाची तपासणी केली. काम बरेचसे उरकत आले आणि मग प्रश्न उपस्थित झाला तो शीर्षकपृष्ठाचा. ग्रंथमालेचे संपादक लॅनमन यांचे म्हणणे, ग्रंथ वॉरन यांचा. संपादक म्हणून त्यांचेच नाव राहील, कोसंबींनी साहाय्य केले एवढा उल्लेख होईल. धर्मानंदांना हे मान्य होईना. जे काम आपण केले ते साहाय्याचे नसून संपादनाचे आहे, तेव्हा वॉरन यांच्या नावाबरोबर आपले नाव संपादक म्हणून यावे, असा त्यांचा आग्रह. तडजोड झाली नाही. १९१२ च्या आरंभी ते हिंदुस्थानास परतले व ग्रंथ अप्रकाशित राहिला. त्यांच्या ‘निवेदन’ या आत्मचरित्रात त्यांनी हा प्रसंग नोंदविला आहे.

आता काही वाचकांच्या मनात शंका येईल, आणि ती अगदीच अस्थानी नाही. अनात्मवादाचा अभ्यास करणाऱ्या, चीवर धारण केलेल्या मनुष्याने स्वतःच्या नावासाठी एवढा हट्ट धरावा काय? स्वतः बुद्धघोष ग्रंथाच्या अखेरीस आपली थोरवी सांगत नाहीत. भदंत संघपालांच्या विनंतीवरून व महाविहारवासी स्थविरांच्या परंपरेस अनुसरून आपण हे लिहिले, एवढेच ते नमूद करतात. मग त्यांच्या ग्रंथाच्या शोधकाने नावावरून चाळीस वर्षांचा खोळंबा का करावा?

आमचे मत असे आहे. बुद्धघोषांच्या त्या निवेदनातच या शंकेचे उत्तर आहे. विनंती कोणाची, आधार कोणाचा, लेखन कोणाचे, हे ते बिनचूक सांगतात. कोणाचा वाटा लपवीत नाहीत. शीर्षकपृष्ठ हे विधान आहे. या पोथ्या कोणी वाचल्या, हे पाठ कोणी निवडले, चुकीची जबाबदारी कोणाची, हे ते वाचकास सांगते. ते विधान यथार्थ असले पाहिजे. ज्याने पाठ निश्चित केला त्याला साहाय्यक म्हणणे हे नम्रतेच्या नव्हे, सत्यासत्याच्या कोटीत पडते, आणि चौथ्या शीलाचा संबंध तेथे येतो. शिवाय ज्या काळात हे घडले त्या काळाचाही विचार केला पाहिजे. पौर्वात्य पंडिताने वाचून द्यावे, अर्थ सांगावा, संदर्भ हुडकावे आणि प्रस्तावनेत आभाराच्या एका ओळीत समाधान मानावे, हा रिवाज तेव्हा सर्वत्र रूढ होता. कलकत्ता, काशी, कोलंबो, रंगून येथील कितीतरी शास्त्र्यांची व भिक्खूंची विद्या अशा ओळींत विरून गेली. श्रम एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, ही गोष्ट आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

लॅनमन यांची बाजूही नोंदवली पाहिजे. मृत मित्राने ज्या ग्रंथासाठी देह झिजविला व जवळचे धन दिले त्या ग्रंथावर दुसऱ्याचे नाव बरोबरीने घालणे त्यांना मित्रद्रोहासारखे वाटले असावे. त्यांच्या निष्ठेबद्दल आम्हास शंका नाही. मात्र निष्ठा मृत मित्राशी होती आणि हिशेब जिवंत माणसाच्या श्रमांचा चुकत होता.

या खोळंब्याची किंमत विद्येला मोजावी लागली, हेही खरे. धर्मानंद परतले तेव्हा विसुद्धिमग्गाची रोमन लिपीतील दुसरी आवृत्ती अस्तित्वात नव्हती. पुढे लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीसाठी श्रीमती ऱ्हीस डेव्हिड्स यांनी संपादिलेली आवृत्ती १९२०-२१ मध्ये निघाली व अनेक वर्षे जगभरच्या अभ्यासकांना तीवरच काम चालवावे लागले. १९१२ साली हार्वर्डची आवृत्ती निघाली असती तर या क्षेत्रातील अभ्यास दशकभर आधी सुरू झाला असता.

येथे थोडे विषयांतर करून दुसऱ्या एका विद्यापीठाकडे पाहू. धर्मानंद केंब्रिज सोडून आले त्याच्या पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, त्याच सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे प्रबंध नुसता मान्य होऊन भागत नसे. तो छापून त्याच्या प्रती विद्यापीठास सादर केल्यावरच पीएच. डी. ची पदवी मिळे. म्हणून प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा प्रबंध १९२५ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाल्यावर १९२७ साली त्यांना ती पदवी मिळाली. जाचक वाटणाऱ्या या नियमात एक मोठे तत्त्व होते. संशोधन छापील स्वरूपात व कर्त्याच्या नावासह जगापुढे येईपर्यंत ते पुरे झाले असे विद्यापीठ मानीत नव्हते. कोलंबियात जो नियम विद्यार्थ्याला लागू होता तोच न्याय धर्मानंद हार्वर्डमध्ये स्वतःसाठी मागत होते. फरक एवढाच की ते तेथे विद्यार्थी नव्हते, प्राध्यापकही नव्हते, आणि त्यांच्याजवळ कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती.

परतल्यावर धर्मानंदांनी वेळ फुकट घालविला नाही. १९१२ ते १९१८ ही सहा वर्षे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवीत होते. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या पाठिंब्याने मुंबई विद्यापीठात पालीला स्थान मिळाले होते. त्यांच्या विद्यार्थ्यांत चिं. वै. राजवाडे व पु. वि. बापट हे दोघे होते. राजवाडे यांनी दीघनिकायाचे मराठी भाषांतर केले. बापट पुढे स्वतः हार्वर्डला गेले आणि तेथे त्यांनी डॉक्टरेटसाठी जो विषय घेतला तो विमुत्तिमग्ग व विसुद्धिमग्ग यांच्या तौलनिक अभ्यासाचा. त्यांचा तो ग्रंथ १९३७ साली पुण्यास प्रसिद्ध झाला. भारत सरकारने १९५६ साली बुद्धजयंतीनिमित्त काढलेल्या ‘२५०० इयर्स ऑफ बुद्धिझम’ या ग्रंथाचे संपादक तेच.

१९१८ मध्ये वुड्स यांच्या निमंत्रणावरून धर्मानंद पुन्हा हार्वर्डला गेले. या खेपेस थोरली कन्या माणिक व अकरा वर्षांचा मुलगा दामोदर बरोबर होते. चार वर्षे काम झाले. लॅनमन यांच्याशी मतभेद मात्र मिटले नाहीत आणि १९२२ मध्ये ते परत आले. नंतरची काही वर्षे अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात गेली. १९२६ मध्ये लॅनमन निवृत्त झाले. त्याच वर्षी धर्मानंदांना तिसऱ्यांदा बोलावणे आले आणि १९२७ पर्यंत त्यांनी आवृत्तीचे काम पुरे केले. एका ग्रंथासाठी समुद्र ओलांडून तीनदा जाणाऱ्या या माणसाच्या चिकाटीचे नवल वाटते. प्रत्येक वेळी तोच ग्रंथ, त्याच पोथ्या, तोच वाद. आणि दरम्यान घरी संसार, शिक्षणसंस्था, पुढे १९३० चा मिठाचा सत्याग्रह व तुरुंगवास.

तरीही मुद्रित ग्रंथ बाहेर पडण्यास आणखी तेवीस वर्षे लागली. हार्वर्ड ओरिएंटल सीरीजचा एकेचाळिसावा ग्रंथ म्हणून तो १९५० साली प्रसिद्ध झाला. वॉरन यांना जाऊन एक्कावन्न वर्षे, वुड्स यांना पंधरा वर्षे व लॅनमन यांना नऊ वर्षे झाली होती. धर्मानंदांनी १९४७ च्या जूनमध्ये सेवाग्राम येथे देह ठेवला होता. शीर्षकपृष्ठावर संपादक म्हणून नाव आहे हेन्री क्लार्क वॉरन यांचे. त्याखाली, ग्रंथ संशोधून शुद्ध केला असे सांगणारा शब्द व धर्मानंद कोसंबींचे नाव. ‘साहाय्यक’ हा शब्द गेला, ‘संपादक’ हा आला नाही. चाळीस वर्षांच्या वादाचे फलित हे असे मधले निघाले. ग्रंथालयाच्या सूचीत हा ग्रंथ आजही बहुधा ‘वॉरनची आवृत्ती’ म्हणूनच ओळखला जातो.

या आवृत्तीच्या प्रस्तावनेत धर्मानंदांचे स्वतंत्र मत आले आहे, त्याचा उल्लेख केला पाहिजे. बुद्धघोष हे बोधगयेजवळ जन्मलेले वेदपारंगत ब्राह्मण होते, असे परंपरा सांगते. धर्मानंदांनी ग्रंथांतर्गत पुराव्यांवरून ही कथा नाकारली. आचार्य उत्तरेकडील नव्हेत, दक्षिणेकडील, तेलंग देशातील असावेत, आणि ब्राह्मण कुळातील तर नव्हेतच, असा त्यांचा निष्कर्ष. सर्व विद्वानांनी तो स्वीकारलेला नाही. पण ज्याने ग्रंथाची ओळ अन् ओळ तीन तीनदा तपासली त्याने केवळ ग्रंथातील शब्दांच्या साक्षीने परंपरेशी असा वाद घालावा, हे त्यांच्या स्वभावास धरूनच आहे. ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात त्यांनी याच रीतीने वृद्ध, रोगी व मृत यांच्या दर्शनाने गृहत्याग झाल्याची कथा तपासली व सुत्तनिपातातील अत्तदंडसुत्ताच्या आधारे तिचा त्याग केला. पुढे डॉ. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ती कथा नाकारून रोहिणी नदीच्या पाण्यावरील शाक्य-कोलियांच्या वादाचा पक्ष घेतला, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

मराठी वाचकाला अधिक जवळची आहे ती दुसरी आवृत्ती. हार्वर्डचा ग्रंथ छापून निघण्याची वाट न पाहता धर्मानंदांनी विसुद्धिमग्ग देवनागरीत आणला. मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने तो १९४० साली प्रसिद्ध केला. या आवृत्तीच्या शीर्षकपृष्ठासाठी कोणाशी वाद घालावा लागला नाही! तीन वर्षांनी, १९४३ मध्ये, ‘विसुद्धिमग्गदीपिका’ ही स्वतः पालीत लिहिलेली टीका सारनाथच्या महाबोधी सभेने काढली. विसाव्या शतकात एका मराठी भाषकाने पालीत टीका लिहावी, ही गोष्ट पाली ही मृत भाषा आहे असे म्हणणाऱ्यांनी विचारात घ्यावी. नालंदेहून भिक्खू जगदीश काश्यपांच्या संपादकत्वाखाली समग्र पाली त्रिपिटक देवनागरीत निघू लागले ते १९५६ नंतर; त्याआधी देवनागरीतून पाली वाचू इच्छिणाऱ्यांना जे मोजके ग्रंथ उपलब्ध होते त्यांत हा एक होता. मुंबई विद्यापीठासाठी प्रा. ना. के. भागवत यांनी काढलेली पाली पुस्तके व पुण्याहून बापट-वाडेकरांनी संपादिलेले ‘धम्मसंगणि’ आणि ‘अट्ठसालिनी’ हे त्याच काळातले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी व पाली या दोन्ही भाषांना एकाच वेळी अभिजात दर्जा दिला. त्यानिमित्त पालीच्या अभ्यासासाठी योजना व निधी यांची चर्चा होते ती योग्यच. परंतु आमच्या पाहण्यात असे येते की, महाराष्ट्रातील अनेक विहारांच्या ग्रंथालयांत यांपैकी एकही पुस्तक नसते. पाली शिकविणाऱ्या वर्गांतही विद्यार्थ्यांच्या हाती बहुधा मार्गदर्शिका असतात. मूळ ग्रंथ नसतात. १९४० ची ती आवृत्ती जेथे असेल तेथे ती कपाटातून काढून वाचनाच्या मेजावर ठेवावी, एवढी सूचना ग्रंथपालांना करावीशी वाटते. ज्यांना मूळ पाली लगेच झेपणार नाही त्यांनी भिक्खू ञाणमोलींचे १९५६ साली निघालेले इंग्रजी भाषांतर शेजारी घ्यावे. त्या भाषांतरातील परिच्छेदांचे क्रमांक हार्वर्डच्या आवृत्तीतील आहेत, त्यामुळे मुळाशी ताडून पाहणे सोपे जाते.

हार्वर्ड ओरिएंटल सीरीजच्या फळीवर एकेचाळिसाव्या ग्रंथाच्या शेजारी बेचाळिसावा ग्रंथ असतो. तो आहे ‘सुभाषितरत्नकोश’. बंगालमधील जगद्दल महाविहाराशी संबंध असलेल्या विद्याकर या बौद्ध पंडिताने अकराव्या शतकाच्या अखेरीस केलेला संस्कृत सुभाषितांचा हा संग्रह. तिबेटातील ङोर मठातील ताडपत्री पोथीच्या छायाचित्रांवरून व नेपाळमधील एका प्रतीवरून त्याचा पाठ निश्चित करण्यात आला आणि १९५७ साली तो छापून निघाला. संपादक दोन: फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्रा. वा. वि. गोखले, आणि १९१८ साली वडिलांचे बोट धरून केंब्रिजला गेलेले व १९२९ साली हार्वर्डचे पदवीधर झालेले दामोदर धर्मानंद कोसंबी. दोघांचीही नावे शीर्षकपृष्ठावर संपादक म्हणून छापलेली आहेत.